हूं म्हणायला माणूस हवा

घाटावरचा आणि घाटाखालचा असा सारा बुलढाणा जिल्हा पालथा घातला, तरी थर्मोडायनॅमिक्स हा विषय म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सर्वांना सक्तीने आणि फुकट शिकवला गेलेलं गाव एकच सापडेल. ते आमचं मलकापूर. त्यातही आमची गल्ली. आणि हे पुण्यकर्म कुठल्या सरकारी योजनेनं केलेलं नाही, ते माझ्या सख्ख्या भाचीनं केलं आहे. आमच्या दारावर मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायला येणाऱ्या बाईला विचारा, बंद डब्यातली हवा दाबली की गरम का होते. ती जुडी बांधता बांधता सांगेल. मी स्वतः दहावीला शास्त्रात काठावर सुटलेला माणूस, पण आज कुणी मला झोपेतून उठवून कार्नोचं इंजिन विचारलं तर मी डोळे न उघडता सांगेन. कारण ते मी डोळे न उघडताच शिकलेलो आहे.

भाची माझी संग्रामपूरची. तिच्या वडिलांचं तिथे बी-बियाणांचं दुकान. बारावी झाल्यावर ती बी.एस्सी.साठी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी, एक रजई आणि एक विचित्र खोड असं सामान आलं. पेटी आणि रजई माळ्यावर गेली. खोड घरभर पसरली. ती अशी, की तिला मनातल्या मनात वाचताच येत नाही. पुस्तक उघडून मुकाट बसली की दुसऱ्या ओळीला जांभई, चौथ्या ओळीला घोरणं. तिला अभ्यास येतो तो सांगून. समोर एक माणूस हवा, आणि त्या माणसानं गोष्ट ऐकताना म्हणतात तसं प्रत्येक वाक्याला ‘हूं’ म्हणायला हवं. हूं आला की गाडी पुढे. हूं चुकला की गाडी मागच्या स्टेशनात. पुस्तक इंग्रजीत, डोकं वऱ्हाडीत आणि मधे आम्ही. मी दिवसभर दुकानात राबून आलेला माणूस, जेवण झाल्यावर भिंतीला टेकून हूं हूं करता करता झोपायचो. पण हूं थांबायचा नाही, ही माझी सिद्धी होती. तिला संशय आला. एका संध्याकाळी त्याच सुरात तिनं म्हटलं, “मामा, मंग मुंगीले पंख फुटले.” हूं. “आन ते सायकलवर बसून नांदुऱ्याले गेली.” हूं. “तिथं तिनं तुमच्या नावानं चहा पेला.” हूं. त्या दिवसापासून मला उभं राहून ऐकण्याची शिक्षा झाली.

मी कमी पडायला लागल्यावर तिनं कार्यक्षेत्र वाढवलं. माझं दुकान विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून देण्याचं. हिवाळ्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायची घाई असते, त्यामुळे मोटारी धडाधड जळतात आणि कास्तकार बाकावर ताटकळत बसतात. भाचीला ते बाक म्हणजे आयता वर्ग वाटला. कॉलेजातून परस्पर दुकानात यायची, पाठीवरची बॅग काउंटरवर टाकायची आणि सुरू. चांगले फेटेवाले, टोपीवाले, गुळगुळीत दाढीवाले, मिशीवाले मान हलवत हूं म्हणायचे. एकदा एक म्हातारबुवा आदर्श वायूचं समीकरण शेवटपर्यंत ऐकून फार गंभीरपणे म्हणाले, “पोरी, तुहं सारं बराबर हाये. पण मोटार कवा भेटन?”

गच्चीवरचा वर्ग त्याहून भरभराटीचा. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग येतात आणि गल्लीतल्या बाया उन्हात बसून सोले काढतात. ज्याचे हात शेंगांत अडकले आहेत तो उठून पळू शकत नाही, हा शोध माझ्या भाचीचा. शेजारचे रेल्वेतले निवृत्त गार्डसाहेबही तिथे खुर्ची टाकून बसत. ते हूं म्हणत नसत, हिरवी झेंडी दाखवल्यासारखा हात हलवत. तिनं तेही चालवून घेतलं.

या सगळ्या आज्ञाधारक राज्यात बंडखोर एकच. माझी बायको. तिनं आयुष्यात कुणाला हूं म्हटलेलं नाही. मला तर नाहीच नाही. ती शेंग सोलता सोलता मान वर न करता विचारायची, “काऊन वं?” भाची म्हणाली की तापमान वाढलं की दाब वाढतो, तर ही म्हणणार, काऊन वं? भाची कारण सांगणार, तर त्या कारणाला पुन्हा काऊन. चार काऊन झाले की भाची पुस्तक मिटायची आणि माझ्याकडे तक्रार घेऊन यायची की मामीले ऐकताच येत नाही, मामीचा क्लास बंद करा. मामीचा क्लास बंद करण्याची ताकद माझ्यात असती तर मी मोटारी कशाला भरत बसलो असतो?

इथवर सगळं गमतीचं होतं. पण थर्मोचा पेपर तिचा एकदा हिवाळ्यात गेला, मग उन्हाळ्यात पुन्हा गेला. बाकीचे विषय कसेबसे निघत आणि हा एक पायात काट्यासारखा राहायचा. तिचं स्वतःचं निदान तयार होतं. पेपरात कोणी हूं म्हणत नाही. सुपरवायझर येतो, सही करतो, निघून जातो. त्याच्या तोंडाकडे बघावं तर तो म्हणतो खाली बघ. संग्रामपूरहून तिच्या वडिलांचा फोन आला. ते रागावले नाहीत, ते कधीच रागावत नाहीत, म्हणून तर त्यांची भीती वाटते. एवढंच म्हणाले की या खेपेला पेपर निघाला नाही तर सामान घेऊन घरी ये, दुकानात मलाही माणूस लागतोच. भाचीला दुकानाचं वावडं नव्हतं. पण तिला शाळेत मास्तरीण व्हायचं होतं, लहानपणापासून. “सारा वर्ग एका टायमाले हूं म्हणते मामा,” ती मला सांगायची, आणि तेव्हा तिचा चेहरा असा व्हायचा, जणू खजिन्याचा नकाशा सापडला आहे.

तिसऱ्या खेपेच्या त्या हिवाळ्यात आम्ही सारी गल्ली कामाला लावली. सकाळी गार्डसाहेब, दुपारी सोलेवाल्या, संध्याकाळी दुकानातलं बाक. थर्मोचा पेपर सगळ्यात शेवटी होता आणि तो झाला की सुट्ट्या, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाच्या मळ्यात रोडग्यांची पार्टी ठरवली. पन्नासेक माणसांना सांगून झालं. वांगी आली, गौऱ्या रचून झाल्या, आणि विद्यापीठानं आपल्या परंपरेला जागून पेपर पुढे ढकलला. पुढे म्हणजे कुठे? पार्टीच्या दुसऱ्या दिवशी. आता वांगी थांबतात थोडीच. भाची म्हणाली, मी घरी थांबते. मी म्हटलं, घरी तुला हूं कोण म्हणेल, गल्ली तर सारी मळ्यात. हे तिला पटलं आणि ती पुस्तकासकट बैलगाडीच्या पुढच्या दांडीवर येऊन बसली.

कणकेच्या रोडग्यांचा पहिला घाणा निखाऱ्यांत भाजून राखेत मुरत होता, दुसरा अजून निखाऱ्यांवर होता. बाया वांग्याची भाजी ढवळत होत्या. भाचीनं जमलेल्या लोकांना पहिला नियम सुरू केला. उष्णता नाहीशी होत नाही, इकडची तिकडे जाते. हूं, हूं, हूं. सगळा मळा हूं म्हणत होता, असं वाटलं की हरभराही म्हणतो आहे. आणि माझ्या बायकोनं राखेतून काढून ठेवलेला एक रोडगा उचलला, बोटानं चाचपला आणि विचारलं, “हा थंडा झाला. याची गरमी कुठी गेली?”

“हवेत.”

“हवेतच हाये ना आजून? नाहीशी त नाही झाली?”

“नाही झाली.”

“मंग वापस रोडग्यात काऊन येत नाही?”

भाची म्हणाली की तसा दुसरा नियम आहे. बायको म्हणाली की पहिल्याला चालतं तर दुसरा काऊन आडवा येतो? भाचीनं सूत्र म्हणून दाखवलं. इंग्रजीत, फाडफाड, एक अक्षर चुकलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. गार्डसाहेबांनी हात हलवून गाडी सोडली. बायको जागची हलली नाही. “हे त नाव झालं वं. मी कारण इचारून राह्यली.”

आता भाचीचा आवाज चढला. “तुले कायले पाह्यजे कारण, मामी? तुले पेपर द्याचा हाये काय?”

“मले नाही,” बायको म्हणाली. “तुले द्याचा हाये.”

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते धुरामुळे आहे असं दाखवावं तर धूर दुसऱ्या बाजूला होता. ती उठली आणि हरभऱ्याच्या बांधावर जाऊन पाठ करून बसली. मी बायकोला खुणेनं म्हटलं, उद्या पेपर आहे, काय केलंस हे. तिनं मला खुणेनंच सांगितलं की तुम्ही तुमचे रोडगे उलटवा. मी उलटवले. दोन जाळले. मला आत कुठेतरी दिसत होतं ते संग्रामपूरचं दुकान, खताच्या गोण्या, आणि काउंटरमागे बसलेली ही पोरगी.

बऱ्याच वेळानं ती आली ती बांधावरून नव्हे, सामानाच्या गाडीकडून. हातात मोठं ताट. ताटात एका बाजूला तांदूळ, एका बाजूला तुरीची डाळ, मधे बोटानं ओढलेली रेघ. “माय वं, माह्या तांदळाचं काय करून राह्यली,” म्हणत बायको उठली, तर हिनं ताट तिच्याच हातात दिलं. म्हणाली, हालव. बायकोनं हलवलं. डाळ तांदळात, तांदूळ डाळीत. म्हणाली, आता हालवूनच वेगळं कर. निवडायचं नाही. बायकोनं पुष्कळ हलवलं. मग गार्डसाहेबांनी हलवलं, मग मळ्याच्या मालकानं. ताट आणखी मिसळत गेलं. आणि माझ्या भाचीनं कमरेवर हात ठेवून, माझ्या बायकोच्याच थाटात विचारलं, “काऊन वं मामी?”

बायकोनं ताट आणखी एकदा हलवून पाहिलं. लग्नानंतर प्रथमच मी तिला या शब्दापुढे अडलेली पाहत होतो. माझ्या मनात एक दुरुस्त झालेली मोटार गुणगुणायला लागली.

“नियम कोनाले अडवत नाही,” भाची म्हणाली. आता तिचा आवाज हळू होता, ती कुणाच्या हूंची वाट बघत नव्हती. “दाणे वेगळे होऊ शकतात. पण तसं व्हाची वाट एकच हाये, आन मिसळाच्या लाखो. गरमी तशीच. रोडग्यातून निंघून साऱ्या हवेत दाण्या-दाण्यानं वाटल्या जाते. साऱ्या दाण्यांनी एकाच टायमाले वापस एका रोडग्यात याचं म्हणजे, हालवून हालवून हे ताट निवडून निंघनं. मनाई नाही. पण होत नाही.”

बायको ताटाकडे बघत राहिली. मग रोडग्याकडे. मग म्हणाली, “हूं.”

एवढंच. पण मी तुम्हाला सांगतो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वांग्याच्या भाजीवर तूप जरा जास्तच पडलं. डाळ-तांदूळ कुणी निवडत बसलं नाही, दुसऱ्या दिवशी गल्लीत घरोघरी खिचडी झाली.

दुसऱ्या दिवशी ती पेपरहून आली. हातपाय धुतले, खिचडी वाढून घेतली, अर्धी खाल्ली आणि मग मामीला म्हणाली की पेपरात जिथंतिथं ‘कारण सांगा’च होतं, आणि एका ठिकाणी तिनं ताटाचं चित्र काढलं आहे. तांदूळ आणि डाळ, दोन्ही नावं लिहून. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. पेपर तपासणारा माणूस कुठल्या स्वभावाचा असेल, त्याला तांदूळ दिसून भूक लागेल की राग येईल, काही सांगता येत नव्हतं. भाची सुट्टीत घरी गेली नाही. म्हणाली, निकाल लागल्यावरच जाईन, एकतर राहायला नाहीतर भेटायला.

संक्रांत झाली. निकाल लागला तेव्हा ती दुकानातच होती. साइट उघडेना. बाकावरचे कास्तकार आपापले मोबाइल काढून तिचा नंबर टाकायला लागले. ज्यांना मोबाइल येत नव्हता ते दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत होते. शेवटी ज्या म्हातारबुवांची मोटार मी अजून दिलेली नव्हती, त्यांच्या नातवाच्या फोनवर निकाल उघडला. थर्मो निघाला होता. नुसता निघाला नव्हता, तिच्या सगळ्या विषयांत सर्वांत जास्त गुण त्याच पेपरात होते. म्हातारबुवा बाकावरून उठून उभे राहिले आणि रस्त्यावरच्या लोकांना ओरडून सांगितलं, “निंघाले! आमी निंघालो!” मेथीवालीनं त्या दिवशी सांभार फुकट वाटला. गार्डसाहेबांनी पेढे आणले आणि प्रत्येकाला सांगितलं की सकाळची पाळी त्यांची होती. गल्लीत असं एकही घर उरलं नाही, जे त्या दिवशी पास झालं नाही. बायकोनं मात्र श्रेय घेतलं नाही. तिनं तुरीचे सोले घालून भात केला, आणि तो भाचीला वाढताना हात जरा जास्त वेळ तिच्या डोक्यावर राहिला, ते मी पाहिलं.

मग तिचे वडील आले. चार दिवस घरी घेऊन जाण्यासाठी. कमी बोलणारा माणूस, त्यांनी मला रामराम केला, बाकावर बसले, पाणी प्याले. मग पोरीकडे वळून म्हणाले, “एवढं काय होतं वं त्या पेपरात? मलेही सांग.”

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे वडील कधी काही विचारतील, हे तिच्या कुठल्याच नियमात नव्हतं. तेवढ्यात संग्रामपूरची गाडी लागल्याचं कुणीतरी सांगितलं आणि आम्ही स्टँडकडे धावलो.

मी खिडकीखाली उभा राहिलो, सामान आत दिलं. गाडी सुरू झाली तेव्हा ती सांगायला लागलेली होती. तिचे दोन्ही हात हवेत फिरत होते. वडील तिच्याकडे वळून बसले होते, आणि त्यांच्या शेजारी कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून तसाच उभा होता, तिकीट मागायचं विसरून. मी हात केला. तिचं लक्ष नव्हतं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी थोडा वेळ तिथंच उभा होतो, कारण हूं म्हणवून घेणारं कुणी नाही अशा दुकानात जाऊन बसायला त्या दिवशी मला काही घाई वाटली नाही.