विमलताईंनी सोडलं नाही ते पान

बार्शीहून बदली होऊन मी सोलापुरात आलो आणि पहिल्याच वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत, वस्तीतल्या बुद्धविहारात ग्रंथवाचनाला बसलो. मास्तरकीचा तोरा होता. भराभर वाचत सुटलो. मागून आवाज आला, “गुरुजी, एस्टी चुकायलीय का? दमानं वाचा की!” सगळा विहार हसला. विमलताई गायकवाडांची आणि माझी ती पहिली ओळख.

ताईंनी हयातभर इस्पितळात आया म्हणून काम केलं. ज्याचं कोणी येत नाही, अशा रुग्णापाशी त्या ड्यूटी संपल्यावरही बसून राहत. माझ्या आईचा हात अखेरच्या क्षणी त्यांनीच धरला होता. मी तेव्हा बाहेर औषधाच्या दुकानात उभा होतो.

आणि महामारीत त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद गेला. एवढ्या परक्यांचे हात धरणाऱ्या बाईंना स्वतःच्या लेकाचं तोंडही पाहू दिलं नाही. याचा मला आजही संताप येतो.

पुढे टाळेबंदी उठून विहार उघडला. वाचनाची यादी मी करत असे. ताईंच्या पाळीला नेमकी मेलेलं लेकरू घेऊन, ज्या घरी कुणी मेलं नाही अशा घरची मोहरी मागत दारोदार फिरणाऱ्या आईची बुद्धकथा येत होती. मी शहाणपणा केला, गुपचूप त्यांचं नाव खोडलं.

दुसऱ्याच दिवशी ताई दारात. “माजं नाव कुटं गेलं, गुरुजी?”

“तुम्हाला त्रास होईल म्हणून...”

“त्रास हाय म्हणून धम्म सोडू व्हय? मग ह्यो धम्म कुणासाटी हाय?”

त्या संध्याकाळी पांढरं लुगडं नेसून त्या वाचायला बसल्या. मध्येच अडल्या. मी पुस्तक घ्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. मग शब्दाशब्दाला थांबत त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मी बाहेर जाऊन ढसाढसा रडलो.

नंतर एकदा विचारलं, “ताई, वाचून हलकं वाटलं का?”

“हलकं कशाचं? दुःख हाय तितंच हाय. पर आता त्याच्याशेजारी बसून च्या पिता येतो.”

तेव्हापासून वस्तीत मयत झाली की ताई त्याच संध्याकाळी त्या घरी जातात. उपदेश करत नाहीत. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हे त्रिशरण म्हणतात आणि बसून राहतात.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त मी शंभर वर्षं जगा म्हटलं, तर त्या चिडल्या. “लेकाच्या माघारी एवढं जगले, हेच लई झालं.” त्यांचं खरं आहे. तरी ताई, मी दीर्घ आणि निरोगी आयुष्यच मागतो, आणि तेही निव्वळ आमच्या स्वार्थासाठी. उद्या आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी मरण येईल, आणि तेव्हा शेजारी बसायला तुम्ही हव्या आहात.