बाळकुमचा चतुर

आश्विनातल्या एका सकाळी मी कल्याणहून आगगाडीने ठाण्यास उतरलो, तेव्हा आमच्या कचेरीचे गोरे साहेब काठीला जाळीची पिशवी बांधून दमणीत (छपराच्या बैलगाडीत) तयार बसले होते. बाळकुमच्या तळ्यावरचा निळा-काळा चतुर त्यांना हवा होता. काडीएवढा किडा! पण तो टोचून विलायतेस पाठवायचा, म्हणून सरकारी बैल, शिपाई आणि दुभाषी म्हणून अस्मादिक अशी स्वारी निघाली.

वाटेत भातखाचरे पिवळी पडत होती. मी घरच्या दडप्या पोह्यांची पुरचुंडी सोडली. साहेबांनी वास घेतला आणि बिस्किटावर भागवले.

बाळकुमात चिटपाखरू दिसेना. शिपायाने आदल्या दिवशी दवंडी पिटली होती, "सायबाला तुमच्या गावचा निळा-काळा चतुर जिवंत पाहिजे! टोचून विलायतेला धाडणार!" आता गावात रंगाने काळा, निळी बंडी घालणारा आणि कचेरीशी भांडून धडधाकट परतणारा चतुर एकच, धर्मा.

पाटील हात जोडून आले. "रावसाहेब, आमचे गावान चतुर कोनी नाय. सगली येडी हाव आमी."

धर्माची बायको रडत माझ्या पायांशी बसली. "आमचा धनी कशाचा चतुर! चतुर असता त माझेशी लगीन केला असता का?"

"नसता केला!" दारामागून धर्मा ओरडला.

शिपायाने त्याला लगेच बाहेर ओढले. मला हसू आवरेना, आणि त्या बाईकडे पाहून हसवेनाही.

"अहो, माणूस नव्हे, किडा!" मी म्हणालो. "तो पाहा, साहेबांच्या टोपीवर!"

"ही?" पाटलांचा जीव भांड्यात पडला. "हिला आमी टाचनी बोलतो!"

साहेबांनी अर्थ विचारला. मी इमानेइतबारे सांगितला.

"टाचण्या माझ्याकडे पुष्कळ आहेत! चतुर आणा!" साहेब कडाडले, तशी टोपीवरची निळी काडी उडाली. साहेब जाळी घेऊन तिच्यामागे धावले ते थेट तळ्याच्या चिखलात. धर्मानेच त्यांना ओढून काढले.

निघताना चिखलाने माखलेल्या साहेबांनी मजकडून जाहीर करवले, "बाळकुमात चतुर नाही." गावात आनंदीआनंद झाला. बायकोने धर्माची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. सरकारने वेडे ठरवल्याचा एवढा हर्ष मी कुठे पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन बसलो. आजूबाजूला सगळे चतुर, आपापल्या जागी नीट टोचलेले. मीही माझ्या जागी होतो.