जर्मन टेकडीवरचे दगड

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी केडगावच्या एका शाळेत इतिहास शिकवायचो. एका शनिवारी आमचे गायकवाड सर चहा पिता पिता म्हणाले, “सर, तुम्ही महायुद्ध शिकवता ना? मग उद्या आमच्या गावाला चला. परवापासून ते मोडणार आहेत.”

कोड्यात बोलणाऱ्यांची मला चीड आहे, पण मी गेलो.

माळीवाड्याच्या स्टँडवरून शेवगावची एसटी पकडली. खिडकीला काच नव्हती, त्यामुळे शेवगावला उतरलो तेव्हा आम्ही दोघेही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. तिथून जीप, आणि शेवटचे चार किलोमीटर पायी. जाणाऱ्यांना पाणी घरूनच न्यावं लागे. तेव्हा त्या गावात टँकर दिवसाआड यायचा आणि पाणी मागायला जीभ रेटत नसे.

वाटेत सरांनी कोडं सोडवलं. त्यांचे आजोबा आणि आजोबांचे भाऊ नाना पहिल्या महायुद्धात मजूर तुकडीतून फ्रान्सला गेले होते. तिथे एका डोंगरावर जर्मन खंदक खोदून बसले होते आणि फ्रेंच खालून चढत होते. लढाई सरकल्यावर रस्ते दुरुस्त करायला आणि प्रेतं पुरायला ही मंडळी आली. जमिनीत गाडला गेलेला, न फुटलेला एक तोफगोळा नानांच्या कुदळीखाली फुटला. आजोबा एकटेच परतले. मग त्यांनी गावच्या टेकडीवर तो डोंगर दगडांनी मांडला. स्वतःच्या हाताने पुरलेल्या प्रत्येकाचा एक दगड, आणि त्यातच एक नानांचा.

सरांचे वडील, म्हणजे दादा, पंचाहत्तरीचे. हुलग्याची शेंगोळी आणि भाकरी खाऊ घालून ते आम्हाला टेकडीवर घेऊन गेले. उतारभर चुन्याने रंगवलेले दगड विखुरले होते. माथ्यावर काही दगड गोलाकार रचलेले, आणि मधल्या मोठ्या दगडाला शेंदूर. मी चपला काढून हात जोडले.

दादा हसले. “गुर्जी, त्यो द्येव न्हाई, जर्मन हाय. मेंढपाळांनी शेंदूर लावलाय. बकरू हरवलं की नारळ फोडत्यात त्याला.”

मीही हसलो, आणि लगेच ओशाळलो.

दादांनी काठीने दाखवलं. “हितनं फ्रेंच निघाले. वर बघायचं आन् चढायचं. आडोसा कायबी न्हाई. ह्ये बगा, हितं लई पडले.” अर्ध्या उतारावर दगड इतके दाट होते की पाय ठेवायला जागा नव्हती. वर्गात मी हे एका वाक्यात उरकत असे, त्याची मला तिथे लाज वाटली.

“यातला नानांचा दगड कोणता?” मी विचारलं.

“बानं सांगितलंच न्हाई. म्हनायचा, सांगितलं तर तू तेवढ्यालाच हात जोडशील. दर साली समद्यांम्होरं मेनबत्ती लावतो. जर्मनाम्होरंबी.” मग ते माझ्याकडे वळले. “तुमच्या पुस्तकात हाय का नानाचं नाव?”

“नाही, दादा.”

त्यांनी मान हलवली. उत्तर त्यांना ठाऊकच असावं.

पाणलोटाचं काम सोमवारी सुरू होणार होतं. खालच्या ओढ्यात दगडी बांध घालायचा होता आणि सगळ्यात जवळचा दगड हाच होता. गावाने निर्णय दादांवर सोडला होता. ते नाही म्हणाले असते तर कोणी हात लावला नसता, पण बांधाला आणखी एक उन्हाळा लागला असता.

रात्री मी तिथेच मुक्काम केला. सोमवारी सकाळी मजूर जमले, निम्म्याहून जास्त बायका. दादा टेकडीच्या पायथ्याशी उभे राहिले.

“न्या,” ते म्हणाले. “पर फेकायचं न्हाई. दोन हातांनी धरायचं.”

एरवी दगड वरून गडगडत सोडतात, काम झटपट होतं. मुकादम कुरकुरला. तेव्हा एक बाई त्याला म्हणाली, “मानूस हाय त्यो. तुजा बा आसता तर ढकलला आस्तास का?” मग माथ्यापासून ओढ्यापर्यंत माणसांची रांग लागली. मीही तिच्यात उभा राहिलो. दगड हातोहात खाली येत होते आणि दादा प्रत्येकाला हात लावून म्हणत होते, “नाना, चला.” फ्रेंचांनाही नाना, शेंदूर लागलेल्या जर्मनालाही नाना. दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला, तरी एकही दगड त्यांनी मुका जाऊ दिला नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

आता तिथे डांबरी रस्ता आहे. टेकडीवर बघण्यासारखं काही नाही. बांध मात्र भरतो.

मंगळवारी शाळेत सोमवारच्या रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं : अंत्यविधी. हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

“कोण वारलं?”

“गायकवाड सरांचे चुलत आजोबा.”

“अरेरे. कधी?”

“ऐंशी वर्षं होत आली,” मी म्हणालो. “काल खाली आणले.”

त्यांनी सही केली.