सलीमचाचांचा डोंगर

सलीमचाचा फोटोतल्या माणसाकडे आधी बघायचेच नाहीत. कॉम्प्युटरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात हिस्टोग्रामची, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाच्या डोंगरासारख्या आलेखाची, छोटी चौकट असते, तिच्यात नाक खुपसून बसायचे. "थांबा, डोंगर बघू द्या," म्हणायचे. बेलापुरात त्यांचा स्टुडिओ होता. स्थळांना पाठवायचे आमच्या आळीतल्या मुलींचे फोटो तिथेच निघत.

मी काळी. सावळी-बिवळी नाही, चांगली काळी. पहिल्या स्थळासाठी मात्र आईने श्रीरामपुरात माझा फोटो दुधासारखा करून आणला होता. पाहुणे आले, मी पोहे घेऊन बाहेर गेले, तर मुलाच्या आत्याने बशी घेत म्हटलं, "आता मुलीला बोलवा." धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पुढच्या स्थळाला चाचांकडे गेलो. तरी आईचं आपलं तेच, "सलीमभाई, जरा उजळ करा हो."

चाचांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "वहिनी, ही डावी बाजू अंधाराची, ही उजवी उजेडाची. पोरीचा डोंगर डावीकडं हाय. आता बघा." त्यांनी तो ढकलला. डोंगर उजव्या भिंतीला चिकटला आणि माझी खळी, नाकाचा शेंडा, सगळं पांढऱ्यात गेलं. "भिंतीला टेकलं ते गेलं. मागनं कितीबी काळं करा, खळी परत येत न्हाई. पोरगी द्यायची हाय का चुना?"

आई फणकारली. मी अडून बसले, जाईल तर माझा काळाच फोटो जाईल. पाहुणे आले तेव्हा मी अंगण झाडत होते. मुलाने मोटरसायकल लावता लावताच मला ओळखलं आणि लाजला. त्याच्याशीच माझा संसार चाललाय.

गेल्या महिन्यात चाचा गेले. गावाने चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला, तर त्यावर चाचा पांढरेफटक! दाढी कुठे संपते नि गाल कुठे सुरू होतो, कळेना. लोक खालचं नाव वाचून हळहळत होते. रडू यायचं सोडून मला संतापच आला. फ्लेक्सवाल्याला म्हटलं, "आधी काळं कर त्यांना." त्याने बिचाऱ्याने खूप खटपट केली, पण चुन्याची नुसती राख झाली. त्याच्याकडे मूळ फोटोच नव्हता.

घरी येऊन लग्नाचा अल्बम काढला. एका फोटोत चाचा आहेत, कॅमेरा माझ्या दिराच्या हातात देऊन आमच्याशेजारी उभे. माझ्याइतकेच काळे, कपाळावर घाम, गालावर चामखीळ. तो फोटो फ्लेक्सवाल्याकडे नेला आणि स्कॅन होईपर्यंत त्याच्या स्क्रीनवरच्या चौकटीकडे बघत राहिले. डोंगर आला, डावीकडे.

"आता हात लावू नकोस," मी म्हटलं, आणि तिथेच रडले.