बाबांना बोलतं करणाऱ्या सिस्टरबाई

आजवर मी बऱ्याच हुकूमशहांच्या हाताखाली दिवस काढले आहेत. त्यांत दोन हेडमास्तर आणि एक सासरे येतात. पण आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंपुढे ही सगळी मंडळी अगदीच मवाळ. अकरा वर्षं नागपुरात मेंदूच्या वॉर्डात काढून बाई सिंदेवाहीजवळच्या आमच्या खेड्यात बदलून आल्या, आणि आल्या दिवसापासून गावातल्या प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे असं धरूनच वागू लागल्या. रस्त्यात कोणी भेटलं की लोक खुशाली विचारतात, या म्हणत, "हसा. दात दाखवून. आता दोन्ही हात वर करा." तोंड वाकडं होतंय का, एक हात खाली येतोय का, एवढंच त्यांना बघायचं असे. सरपंचांनाही त्यांनी भर ग्रामसभेत हसायला लावलं. सरपंच निवडून आल्यापासून हसले नव्हते. सवय मोडल्यामुळे ते हसू इतकं तिरपं उमटलं, की बाईंनी तिथल्या तिथे त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं.

माझे वडील त्यांच्या तावडीत सापडले ते लकव्यामुळे. बाबांचा सगळा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेलेला. एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. चंद्रपूरच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं, तर बाई आमच्या आधीच ओसरीवर हजर. "दर दोन तासानं कूस बदलायची. पाठीले जखम झाली, तर मले तोंड दाखवू नका," असा त्यांनी पहिला हुकूम सोडला आणि भिंतीवर वेळांचा तक्ता टांगला. आठवडाभरात माझ्या बायकोचं वरण करपू लागलं, पण बाबांची कूस कधी चुकली नाही.

लकवा म्हटला की आपल्याकडे प्रत्येक पाहुणा डॉक्टर होतो. कोणी कबुतराच्या रक्ताची मालिश सुचवली, कोणी करणी ओळखली. राजुऱ्याहून माझे मामा तेलाची बाटली घेऊन आले आणि येताच आडव्या पडलेल्या बाबांच्या तोंडाशी चहाची बशी नेली. "दोन घोट गरम पोटात गेलं की माणूस उठून बसते."

"थांबा भाऊ," बाई म्हणाल्या. "आधी तुमी झोपा."

मामांना त्यांनी चटईवर उताणं निजवलं आणि तोच चहा चमच्यानं त्यांच्या तोंडात सोडला. मामांना असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले.

"तुमचा गळा धड आहे, तरी हे झालं," बाई शांतपणे म्हणाल्या. "यायचा गळा अर्धा झोपून आहे. चहा फुप्फुसात गेला, तर माणूस हातचा जाईल."

मग त्यांनी बाबांना उशांना टेकवून ताठ बसवलं आणि घट्ट पेज चमचा चमचा करत भरवली. मामांची बाटली मुकाट्यानं पिशवीत परत गेली.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही बाबांना घेऊन एका कार्यालयात गेलो, तेव्हाही बाई बरोबर होत्या. तिथले साहेब म्हणाले, "सही पासबुकावरल्यासारखीच पाहिजे. उजव्या हाताची."

"तशी सही जमली असती, तर आमी इथी काऊन आलो असतो?" असं म्हणून बाईंनी साहेबांच्याच डाव्या हातात पेन दिलं. साहेबांनी कशीबशी रेघोटी ओढली. बाईंनी ती चष्मा लावून निरखली. "नाई जुळत, साहेब. तुमचा पगार थांबवा लागते." बाबांचा अंगठा निमूट चालला.

पण दाखला मिळाला त्याच दिवसापासून बाबा खचले. आता आपण सरकारी शिक्क्यानिशी निकामी झालो, असं त्यांच्या मनानं घेतलं असावं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पेजेचा चमचाही नाकारला. तीन दिवस असे गेले. मी बाईंसमोर रडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाबांचं फाटकं जाळं काढून खाटेजवळ बसल्या आणि दुरुस्त करू लागल्या. दुरुस्त कसलं, गाठी इतक्या चुकीच्या की मलाही बघवेना. वर तोंडानं चालूच. "हे काय जाळं आहे? यात मासा काय, बेंडूकबी नाई राह्यत."

बाबांनी मान वळवली. कपाळाची शीर तटतटली. डावा हात जाळ्याकडे झेपावला आणि महिनाभर बंद असलेल्या तोंडातून शब्द बाहेर पडला, "गधडे!"

आम्ही सगळे थिजलो. बाई मात्र अशा फुलल्या की जणू राष्ट्रपतीपदक मिळालं. "अजून म्हणा, बाबा! जोरानं म्हणा!" त्या दिवशी बाबांनी बाईंना आठ वेळा गधडी म्हटलं आणि वाटीभर पेज संपवली. बाईंनी गावभर साखर वाटली. कशाबद्दल, ते विचारणाऱ्याला त्या अभिमानानं सांगत, "मले शिवी भेटली."

पुढे बाबा काठी धरून अंगणापर्यंत चालू लागले, दहा-बारा शब्दही परतले. आणि बाईंची बदली झाली, थेट भामरागडला. जाताना त्यांनी माझ्या बायकोला तीन पानं सूचना लिहून दिल्या आणि मला हात वर करायला लावले. बाबांसमोर मात्र त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. "येतो, बाबा," म्हणाल्या आणि लगबगीनं एसटीत चढल्या. त्यांना लगबग करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आता पावसाळ्यात नद्या चढल्या की तिकडचा रस्ता तुटतो, फोनही लागत नाही. टीव्हीवर ती बातमी आली की बाबा खुर्चीत पुढे सरकतात. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो. ओठ हलतात, थांबतात, पुन्हा हलतात. मी वाट बघतो. मग ते माझ्याकडे वळून विचारतात, "बाई... जेवली?"

मी "हो" म्हणतो.