आचाऱ्याचं घर

"शांतपणे प्राणज्योत मालवली" असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मंजिरीताईबद्दल मी तसं लिहिणार नाही. दीड महिन्यापूर्वी इथल्या, सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमधून तिच्या मुलीचा फोन आला, इथे वाढलेल्या पोरांच्या 'लाह' लावणाऱ्या मराठीत, "काका, आई गेली... शेवटपर्यंत डॉक्टरांना स्कोल्ड करत होती लाह." मला रडू आलं आणि हसूही.

ताई जुन्या इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट, मी तिच्यासोबतचा इंजिनिअर, दोघंही पुण्याचे. आमचं शेवटचं काम टेकडीवरच्या एका विटांच्या घराचं. कुणा इंग्रजानं आपल्या गावाकडच्या शेतघराची हुबेहूब नक्कल इथे उभारलेली. जाड भिंती, उतरतं छप्पर आणि चक्क शेकोटी! सिंगापूरच्या उकाड्यात! "किती आठवण येत असेल रे बिचाऱ्याला," घाम पुसत ताई म्हणाली. मागे अंगणाभोवती तबेला, कोठार आणि स्वयंपाकघर. ज्या खोलीत बसून डबा खाल्ला नाही, तिचं ड्रॉइंग ताई काढत नसे. तबेल्यातही आम्ही पोळीभाजी खाल्ली. स्वयंपाकघरात मात्र तिचा घास हातातच राहिला. काजळलेल्या भिंती, एकच खिडकी, कोपऱ्यात झोपायचा ओटा. "इथेच रांधायचा आणि इथेच निजायचा माणूस..."

घराच्या आताच्या मालकाला पुढच्या घरात रेस्टॉरंट हवं होतं आणि मागचं सगळं पाडून पार्किंग. त्याचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, मागे ओन्ली सर्व्हंट ब्लॉक लाह." ताई भडकली. साहेबाला ठेवायचं आणि आचाऱ्याला हाकलायचं? केमो चालू असतानाही डोक्याला रुमाल बांधून ती प्रत्येक मीटिंगला भांडायला आली. मी एकदा म्हणालो, "ताई, मोठं घर वाचतंय ना, बाकीचं सोड आता." "तू सोड," ती म्हणाली, "मी नाही सोडणार."

परवा मॅनेजरनं मला बोलावलं. आधी हळहळला, मग मुद्द्यावर आला. स्वयंपाकघर धोकादायक आहे एवढं इंजिनिअरनं म्हटलं की पाडायला मोकळं. भिंती ठणठणीत आहेत, मी खोटं बोलणार नाही, असं मी सांगितलं. तो समजुतीनं हसला. "मॅडम तर गेल्या. आता कोण भांडणार?"

संताप आला मला. अजूनही येतोय.

"मी," मी म्हणालो.