कंपाउंडरला मी सोडून दिलं

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे — हे एक सोडून. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही अण्णांना ओळखत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. उभी हयात गंगापूर तालुक्यात मोजणीदार म्हणून गेली. काचबिंदूनं नजर गेली, पण डोकं — काय सांगू! बांधाचा वाद घेऊन लोक आमच्या पडेगावच्या घरी यायचे. गट नंबर ऐकला की अण्णा त्या शेताच्या खुणा तोंडपाठ सांगायचे.

त्यांना रहस्यकथांचं वेड. रोज संध्याकाळी मी वाचायचो, ते ऐकायचे, आणि शेवट यायच्या आधीच खुनी कोण ते सांगून मोकळे व्हायचे. कधी चुकले नाहीत. मला — खरं सांगू? — कंटाळा यायचा. तीनशे पानांत एक खून, आणि त्याच्यासाठी एवढा जीव टाकायचा?

दोन वर्षं झाली. तेव्हा वाचत होतो त्या कादंबरीत एका डॉक्टरचा त्याच्याच दवाखान्यात खून झालेला. शेवटची चाळीसेक पानं उरली होती, आणि मी सहाच्या शोचं तिकीट काढून बसलेलो. मारधाडीचा नवा सिनेमा, पहिला दिवस, मित्र थिएटरच्या दारात. अण्णा मात्र खुशीत. "कंपाउंडरच हाये त्यो. कपाटाची किल्ली हरवली म्हनला, तवाच वळखलं म्या."

शेवट मलाही माहीत नव्हता. बरोबर म्हणालो असतो तर त्यांनी विचारलं असतं — पकडला कसा, किल्ली कुठं सापडली? मग वाचत बसावं लागलं असतं. चूक म्हटलं की विषय संपतो. हे मी क्षणात जुळवलं. एरवी एवढा हुशार मी कधी नसतो. पुस्तकात डोळे घालून खोटंच वाचलं — खून पुतण्यानं केला, पोलिसांनी नेला, समाप्त.

"पुतन्या? त्यो तं गावातच नव्हता," एवढंच अण्णा म्हणाले. मी चप्पल घातली.

सिनेमा? नायक कुऱ्हाड घेऊन सुटला होता. किती मेले, का मेले, मला विचारू नका. रक्त उडालं की आमची अख्खी रांग खिदळायची — आणि शिट्टी माझी. आज आठवलं तरी लाज वाटते.

पुढच्या रविवारी राहिलेली पानं वाचली. कंपाउंडरच होता. अण्णांनी धरलेला प्रत्येक धागा तिथं होता. पुस्तक चांगलं होतं हो, फार चांगलं.

तेव्हा तरी सांगायला काय झालं होतं? अण्णा रागावतील म्हणून गप्प बसलो, असं म्हणायला बरं वाटेल. पण तसं नव्हतं. अण्णा एकदा हरले, याची आतून थोडी मजा वाटत होती — हेही लिहूनच टाकतो.

त्यानंतर अण्णांनी खुनी ओळखणं सोडलं. मग पुस्तकंच नको म्हणाले. हळूहळू बांधाचे वाद घेऊन येणाऱ्यांनाही हात जोडायला लागले.

परवा गंगापूरहून ओळखीचा एक शेतकरी शेताचा नकाशा घेऊन आला. त्यानं गट नंबर सांगितला. अण्णांचे ओठ हलले — उत्तर आलं होतं त्यांना, मी पाहिलं. मग थांबले. म्हणाले, "ह्याला इच्यार बाबा. माझं डोकं आता खरं नाय ऱ्हायलं."

मी शेजारीच बसलो होतो. त्या माणसानं नकाशा माझ्यापुढं केला, आणि मी तो घेतला.